मदत हवी आहे: युपीटी (लघवीची गर्भचाचणी) पॉझिटिव्ह, रक्त पॉझिटिव्ह, सोनोग्राफीत मात्र काहीच नाही

निशिगंध०७ (शुक्रवार)
घरी युपीटी केली, दोन रेघा आल्या. दुसरी फिकट होती म्हणून दोन दिवसांनी परत केली, पुन्हा फिकटच. आज डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तिथेच लघवी तपासली, पॉझिटिव्ह म्हणाल्या आणि बीटा एचसीजीला (गर्भ राहिल्यावर वाढणारं हार्मोन) रक्त द्यायला लावलं. रिपोर्ट ६१२. सोनोग्राफीवाले म्हणतात गर्भाची पिशवी दिसत नाही. रिपोर्ट घेऊन परत आले तोवर डॉक्टर ऑपरेशनला गेलेल्या, आता सोमवारीच भेटतील. मी प्रेग्नंट आहे की नाही, एवढंच कुणीतरी सांगा. सासूबाईंनी त्यांच्या बहिणींना फोनसुद्धा केलेत.

अवनीची_आई
घरच्या किटवर भिस्त ठेवू नका. सकाळची पहिली लघवी घेतली होती का? पट्टी खूप वेळाने बघितली तर वाळल्यावर खोटी रेघ दिसते. माझ्या जावेचं असंच झालं होतं.

मेघदूत_पुणे
अहो, रक्त पॉझिटिव्ह आलंय, आता किटचा वाद कशाला? बीटा ५ च्या खाली निगेटिव्ह, २५ च्या वर पॉझिटिव्ह. मधलं आलं तर परत करायची. यांचा आकडा ६१२ आहे.

अवनीची_आई
मी किटबद्दल बोलले, रक्ताबद्दल नाही. पुढच्या वेळी उपयोगी पडेल म्हणून सांगितलं.

कोकणकन्या
ताई, शेवटची पाळी कधी आली होती? ते कळल्याशिवाय ६१२ जास्त की कमी, कसं सांगणार?

निशिगंध०७
आज ४६ वा दिवस. साडेसहा आठवडे झाले. सहाव्या आठवड्यात ठोके दिसतात असं सगळीकडे लिहिलंय, म्हणून तर घाबरलेय!

कोकणकन्या
पाळी दर किती दिवसांनी येते? सोनोग्राफी पोटावरून झाली की आतून (योनीमार्गातून)? पीसीओडीची किंवा मूल राहण्याची काही ट्रीटमेंट? अंडं फुटायचं इंजेक्शन घेतलं होतं का? त्यात एचसीजीच असतं, ते काही दिवस रक्तात आणि लघवीत दिसतं.

निशिगंध०७
३८-४० दिवसांनी. पीसीओडी आहे, पण इंजेक्शन वगैरे काही नाही. सोनोग्राफी पोटावरून, पाणी पिऊन.

कोकणकन्या
३८-४० दिवस, हीच तर मुख्य गोष्ट होती. शेवटच्या पाळीवरून आठवडे मोजतात ते २८ दिवसांची पाळी धरून, म्हणजे अंडं साधारण १४ व्या दिवशी सुटतं असं मानून. तुमचं २४-२६ व्या दिवशी सुटलं असेल. म्हणजे दहा-बारा दिवस मागे, जेमतेम पाच आठवडे. ६१२ ला पोटावरून पिशवी दिसणार नाहीच, आतूनही बहुधा नाही. बीटा दीड हजाराच्या पुढे गेल्यावर, कधी त्याहून बऱ्याच वर गेल्यावर ती दिसते. ४८ तासांनी त्याच लॅबमध्ये परत रक्त द्या. आकडा कसा चढतो ते बघायचं असतं. आणि कुठे दुखतंय का, रक्तस्राव आहे का, ते सांगा. मी स्त्रीरोग विभागात नर्स आहे.

राजश्री_काकू
आतून सोनोग्राफी करू देऊ नका गं, सुरुवातीचे दिवस नाजूक असतात.

मेघदूत_पुणे
काकू, त्याने गर्भाला काही होत नाही. माझ्या बायकोची दोन्ही वेळा तशीच झाली, उलट लघवी करून जायचं असतं.

निशिगंध०७
रक्तस्राव नाही. डावीकडे ओढल्यासारखं होतंय, फार नाही. गॅस असेल म्हणून लिहिलं नव्हतं.

कोकणकन्या
सोमवारची वाट बघू नका. पिशवी दिसली नाही आणि एका बाजूला दुखतंय, तर गर्भ गर्भाशयाबाहेर, नळीत नाही ना हे डॉक्टरांनीच बघायला हवं. बहुतेक वेळा काही नसतं, पण इथे लिहून कुणी खात्री देऊ शकत नाही. आत्ता हॉस्पिटलला फोन करून ड्युटी डॉक्टरांना हेच सांगा. दुखणं वाढलं, चक्कर आली, खांद्यात दुखलं किंवा रक्त गेलं तर फोनही नको, सरळ कॅज्युअल्टीत.

सुहास_एम
थोडं वेगळं विचारतो. सोनोग्राफीआधी बायकोकडून ओळखपत्र घेतलं, फॉर्मवर सही घेतली. हे कशाला?

मेघदूत_पुणे
फॉर्म एफ. १९९४ चा गर्भलिंगनिदानविरोधी कायदा आहे, गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीची नोंद ठेवावीच लागते.

राजश्री_काकू
पहिलंच असेल तर आशाताईंकडे नाव नोंदव, मातृवंदना योजनेत ५००० रुपये मिळतात. सरकारी दवाखान्यात दर ९ तारखेला मोफत तपासणी असते.

निशिगंध०७ (रविवार रात्री)
शुक्रवारीच रात्री गेलो. ड्युटी डॉक्टरांनी पोट तपासलं, बीपी बघितलं, घरी पाठवलं. आज सकाळी परत रक्त दिलं, १३९०. आमच्या डॉक्टर स्वतः फोनवर बोलल्या: चढण चांगली आहे, पण गर्भ कुठे आहे ते दिसल्याशिवाय पक्कं म्हणणार नाहीत. शुक्रवारी आतून सोनोग्राफी. फॉलिक ॲसिड सुरू केलंय. दुखणं कमी आहे. सासूबाईंना सांगितलं, शुक्रवारपर्यंत आणखी कुणाला फोन नको.

कोकणकन्या
शुक्रवारी पिशवीत योक सॅक (गर्भाला सुरुवातीला पोसणारी छोटी पिशवी) दिसली का, ते विचारून या. ठोके अजून दिसले नाहीत तरी घाबरू नका. दुखणं वाढलं तर मात्र शुक्रवारपर्यंत थांबायचं नाही.