सातपूर (नाशिक) : मनपा शाळेचा पट कमी आहे, मुलीला पहिलीला घालावं का?

अशोकनगरची_आई
मुलगी जूनमध्ये पहिलीला जाईल. सध्या खासगी इंग्रजी शाळेत आहे. मिस्टर अंबड एमआयडीसीत कामाला, फी आणि व्हॅन भरताना फार ओढाताण होते. घराजवळ मनपाची मराठी शाळा आहे, पण 'तिथे पोरंच नाहीत' असं सगळे सांगतात. कुणाची मुलं मनपा शाळेत असतील तर खरं सांगा. की खासगी शाळेतल्या मोफत जागेसाठी आरटीईचा (शिक्षण हक्क कायद्याचा) फॉर्म भरू?

निवृत्त_गुरुजी
ताई, पट कमी म्हणजे शिकवणं वाईट असं नाही, पण पटावरच शिक्षक मिळतात. कायद्यातलं प्रमाण असं की पहिली ते पाचवी मिळून ६० पर्यंत मुलं असतील तर शिक्षक दोनच. म्हणजे पाच इयत्ता दोघांत. ते बघून पालक मुलं काढतात, पट आणखी घसरतो. माझ्या डोळ्यांदेखत चांगल्या शाळा अशा रिकाम्या झाल्या. म्हणून पहिलीला कोण शिकवतं, सोबत दुसरी बसते का, हे आधी विचारा.

शाळा चालू असताना जा. फळ्याच्या कोपऱ्यात पट आणि हजर लिहिलेलं असतं. दोन्हींत फार फरक असेल तर दोन-तीनदा जाऊन बघा. दुसरीतल्या एखाद्या मुलाला पुस्तकाचं मधलं पान वाचायला सांगा. पहिला धडा पाठ असतो.

सिडकोचा_बाबा
माझा मुलगा चौथीत आहे, मनपाच्याच शाळेत. पुस्तकं, खिचडी, सगळं मिळतं. मागच्या वर्षी त्याच्या बाई निवडणुकीच्या कामात अडकल्या आणि वर्ग शेजारच्या वर्गात बसवला. फार राग आला होता. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, तिथे आम्ही सातजण बोललो तेव्हा पर्यायी शिक्षक आले. मुलाला घालून विसरून जाऊ नका, एवढीच विनंती.

आरटीईचा फॉर्म जरूर भरा, खुल्या प्रवर्गाला उत्पन्न एक लाखाच्या आत लागतं. मात्र ज्या शाळेत प्रवेश नर्सरीपासून आहे तिथे पहिलीला जागा मिळत नाही. आणि २०२४ साली कोर्टातल्या वादात निवड यादी जुलैत लागली होती, तोवर शाळा सुरू झालेल्या. त्यावर विसंबून राहू नका.

अशोकनगरची_आई
आज जाऊन आले. पहिली-दुसरी एकत्रच आहे. पट २३, हजर २१. दुसरीतल्या एका मुलीने मधलं पान वाचलं, ओळीखाली बोट ठेवून, अडखळत. एका जोडाक्षराला थांबली, बाई काही न बोलता वाट बघत राहिल्या, आणि तिने स्वतःच वाचलं. मला भरून आलं. माझी मुलगी अजून एक ओळ सलग वाचत नाही.

नाव घालायचं ठरवलंय. बाई म्हणाल्या, पहिलीला आणखी मुलं आली तर वर्ग वेगळा मागता येईल. आमच्या गल्लीत दोघींच्या मुली याच वयाच्या आहेत, संध्याकाळी त्यांच्याकडे जातेय.