जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी दुरुस्त करून ठेवावी की तिचे नवे मॉडेल घ्यावे?

प्रश्न : चिखलवाट

माझ्याकडे वीस वर्षांहून जुनी, डिझेलवर चालणारी, लॅडर फ्रेमची (शिडीसारख्या लोखंडी सांगाड्यावर वेगळी बॉडी बसवलेली) फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी आहे. कंपनीचे आणि मॉडेलचे नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण नाव लिहिले की चर्चा त्या नावाच्या चाहत्यांत आणि विरोधकांत अडकते आणि मूळ प्रश्न बाजूलाच राहतो. पुढे-मागे सलग ॲक्सल (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा एकच ताठ दांडा), चारही चाकांना पाट्यांचे सस्पेन्शन, हाताने टाकायचा लो रेंजचा (कमी वेगात जास्त जोर देणाऱ्या गिअरांचा) दांडा आणि यांत्रिक पंपावर चालणारे इंजिन, एवढ्या वर्णनावरून जाणकारांना अंदाज येईल. एकदा सुरू झाली की इंधन बंद करणाऱ्या सोलेनॉइडखेरीज या इंजिनाला विजेची गरज लागत नाही, आणि आडरानात हा किती मोठा आधार असतो हे इथे कोणाला समजावून सांगायला नको.

गाडीची सध्याची अवस्था अशी आहे. थंडीत सुरू करताना पांढरा धूर येतो, पण इंजिन गरम झाले की तो थांबतो. स्टिअरिंगमध्ये बराच प्ले, म्हणजे ढिलेपणा, आला आहे. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (इंजिनाचा जोर पुढच्या-मागच्या ॲक्सलना वाटणारा भाग) यांच्या सांध्यातून तेल पाझरते. मला खरी काळजी वाटते ती चासीची, म्हणजे त्या फ्रेमची. मागच्या बाजूला गंजाचे पापुद्रे सुटू लागले आहेत आणि सर्वांत मागच्या आडव्या पट्टीवर स्क्रूड्रायव्हर दाबला की त्याचे टोक किंचित आत शिरते.

या गाडीच्या उत्तराधिकारी मॉडेलची मी चाचणी घेतली. त्यात लॅडर फ्रेम नाही, सस्पेन्शन चारही चाकांना स्वतंत्र आहे, गिअर आपोआप बदलतात आणि चिखल, वाळू, खडक यांसाठी वेगवेगळे मोड आहेत. गाडी आरामशीर आहे हे निर्विवाद. मात्र चाकाखाली काय चालले आहे ते हाताला आणि पायाला कळत नाही, आणि जुन्या गाडीत मला तेच सर्वांत जास्त आवडते. आमचा बहुतेक प्रवास डांबरी रस्त्यावरचा असतो. सुट्टीत मात्र डोंगरातल्या कच्च्या वाटा, ओढे आणि दगडी चढ हे ठरलेलेच. सगळे कुटुंब बरोबर असते. आम्ही दोघे पुढे आणि मुले मागच्या समोरासमोरच्या बाकांवर. घरातल्यांचे मत नव्या गाडीच्या बाजूने आहे.

माझे दोन प्रश्न आहेत. या अवस्थेतल्या गाडीवर मोठा खर्च करणे शहाणपणाचे ठरेल का? आणि जुन्या गाडीत ॲक्सल आणि लो रेंज जे काम करतात, ते नव्या गाडीतली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा खरोखर करते का?

प्रतिसाद : पाना-पक्कड

नव्या गाडीचा विचार तूर्त बाजूला ठेवा आणि आधी चासीचा निकाल लावा. तुम्ही लिहिलेल्या तक्रारींमध्ये तेवढी एकच तक्रार निर्णायक आहे. थंडीतला आणि लगेच थांबणारा पांढरा धूर म्हणजे बहुधा न जळलेले डिझेल असते. ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू होताना आत उष्णता देणारे) आणि इंजेक्टर तपासा, काँप्रेशन मोजून घ्या आणि रेडिएटरमधले पाणी कमी होत नाही ना, एवढे पाहा. धूर निळा असता आणि इंजिन गरम झाल्यावरही येत राहिला असता, तर ऑईल जळत आहे असे समजून मी वेगळे बोललो असतो. स्टिअरिंगचा प्ले टाय रॉडच्या टोकांत, स्टिअरिंग बॉक्समध्ये किंवा किंगपिनच्या बेअरिंगमध्ये असू शकतो. एकाने स्टिअरिंग हलवत राहावे आणि दुसऱ्याने गाडीखाली एकेका सांध्यावर हात ठेवून पाहावे. दोष कुठे आहे ते लगेच सापडते. तेल पाझरण्याबद्दल तर मी बोलतच नाही, कारण सील बदलले की तो विषय संपतो. या सगळ्या वस्तू नटबोल्टने जोडलेल्या असल्यामुळे त्या सुट्या करून बदलता येतात.

चासीचे तसे नसते. तिचे दोन मुख्य लांब दांडे आतून पोकळ असतात. पाणी बाहेर जाण्यासाठी ठेवलेल्या भोकांतून चिखल आत जातो, तिथेच साठतो, ओल धरून ठेवतो आणि पत्रा आतून खात जातो. बाहेर पापुद्रे दिसू लागतात तेव्हा आतले काम बरेच पुढे गेलेले असते. गाडी उंच करून, छोट्या हातोडीने दोन्ही दांडे टोकापासून टोकापर्यंत ठोकत जा. निरोगी लोखंड खणखणीत वाजते, सडलेल्या जागी आवाज बद्द येतो आणि हातोडी उसळत नाही. जिथे पाटे अडकवलेले असतात त्या जागा, ॲक्सलच्या वर जिथे चासी कमान घेते तो भाग आणि जिथे ब्रेकचे पाइप क्लिपने धरलेले असतात त्या जागा अधिक काळजीने पाहा. कोणी खालून जाड काळे कोटिंग मारले असेल तर ते खरवडल्याशिवाय कोणताही निष्कर्ष काढू नका. त्या कोटिंगखाली मी अक्षरशः कागदासारखा झालेला पत्रा पाहिला आहे.

मागची आडवी पट्टीच फक्त सडली असेल, तर ती कापून नवी जोडणे हे चांगल्या वेल्डरसाठी नेहमीचे काम आहे. मुख्य दांडे पाट्यांच्या जोडापाशी सडले असतील, तर मात्र ठिगळ लावू नका, कारण सगळा भार तिथेच येतो आणि ठिगळाच्या कडेला चीर पडते. काही जुन्या मॉडेलांसाठी गॅल्व्हनाइज केलेली संपूर्ण नवी चासी मिळते, पण तिथे दुसरी अडचण उभी राहते. गाडीची ओळख बहुधा चासीवर कोरलेल्या क्रमांकावर अवलंबून असते, त्यामुळे नोंदणी करणाऱ्या कार्यालयाचे नियम आधी समजून घ्यावे लागतात. चासी न पाहता आधी रंगकाम आणि सीट कव्हर करून घेणाऱ्यांचे मला नेहमी नवल वाटत आले आहे.

प्रतिसाद : लांबचा पल्ला

वरचा प्रतिसाद गाडीबद्दल आहे आणि तो बरोबरच आहे. मी तुमच्या प्रश्नातल्या एका वाक्याबद्दल लिहितो, जे तुम्ही जाता जाता लिहून गेलात. मुले मागच्या समोरासमोरच्या बाकांवर बसतात. आडव्या तोंडाने बसलेल्या माणसाला समोरून बसलेल्या धडकेत कमरेचा पट्टा असला तरी तो छाती सावरून धरू शकत नाही, आणि जुन्या गाड्यांत त्या बाकांना बहुधा तोही नसतो. चासी उद्या शंभर टक्के निरोगी निघाली तरी ही गोष्ट बदलत नाही. तुमचा बहुतेक प्रवास डांबरी रस्त्यावर, म्हणजे वेगात होतो हे लक्षात घेतले, तर माझ्या मते घरातल्यांचे म्हणणे केवळ आरामापुरते नाही.

उंच आणि अरुंद गाडी अचानक वळवावी लागली की उलटण्याचा धोका असतो. तो कमी करण्यात सर्वांत मोठा वाटा इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोलचा, म्हणजे गाडी घसरू लागली की एकेका चाकाला ब्रेक लावून ती सावरणाऱ्या यंत्रणेचा आहे. युरोपीय संघात नोव्हेंबर २०१४पासून ते प्रत्येक नव्या मोटारीत सक्तीचे झाले. जुन्या गाडीत ते मागाहून बसवण्याचा व्यवहार्य मार्ग नाही. मात्र नवी गाडी म्हणजे सुरक्षित गाडी, असेही धरून चालू नका. युरो एनकॅप या नव्या गाड्यांची सुरक्षितता तपासून पाचपैकी तारे देणाऱ्या युरोपीय संस्थेच्या चाचणीत २०१८ साली जीप रँग्लरला एकच तारा मिळाला, त्याच वर्षी सुझुकी जिम्नीला तीन मिळाले, आणि २०२०मध्ये नव्या लँड रोव्हर डिफेंडरला पाच मिळाले. तिन्ही त्या वेळी नवीच मॉडेल होती. तेव्हा तुमच्या मनात जे मॉडेल आहे त्याचाच निकाल वाचा, आणि तोही प्रौढ आणि मुले असा स्वतंत्रपणे वाचा.

आता इलेक्ट्रॉनिक यंत्रणेविषयी. साधा डिफरन्शियल (ॲक्सलच्या डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा गिअरसंच) दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो. एक चाक हवेत गेले की त्याला फिरायला जवळजवळ जोर लागत नाही, म्हणून जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच नगण्य जोर मिळतो. ट्रॅक्शन कंट्रोल हवेतल्या चाकाला ब्रेक लावते, त्यामुळे तिथे खोटा विरोध तयार होतो आणि तेवढाच जोर दुसऱ्या चाकाला मिळतो. चांगल्या गाडीत हे काम उत्तम होते, आणि नवख्या चालकाच्या हातून तर जुन्या गाडीपेक्षा पुष्कळच चांगले होते. पण यंत्रणा जागी होण्यासाठी आधी चाक थोडे घसरावे लागते, आणि लांबच्या चढावर ब्रेक तापतात. ज्यांना दगडी चढ नेहमीचे आहेत त्यांनी निदान मागच्या ॲक्सलला खरा, यांत्रिक लॉक (दोन्ही चाकांना एकत्रच फिरायला लावणारा) असलेली गाडी घ्यावी.

माझ्या नव्या डिझेल गाडीचा एक त्रासही सांगतो. धुरातली काजळी अडवणारा फिल्टर स्वतःला साफ करताना सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो आणि त्यासाठी गाडी काही वेळ सलग, बऱ्यापैकी वेगात चालावी लागते. रोज जवळच्या जवळ फिरणाऱ्याचा फिल्टर तुंबतो. तुमचा प्रवास लांबचा असेल तर अडचण नाही.

प्रतिसाद : अर्धा क्लच

निवड ‘माझी जुनी’ आणि ‘तिचे नवे रूप’ एवढ्या दोनच गाड्यांत का? सगळ्या कंपन्यांनी एकच वाट धरलेली नाही. जुन्या डिफेंडरचे उत्पादन २९ जानेवारी २०१६ला थांबले आणि नव्या रूपात चासी, ॲक्सल सगळेच बदलले. मर्सिडीजच्या जी-क्लासने २०१८मध्ये लॅडर फ्रेम ठेवली, पण पुढचा सलग ॲक्सल सोडला. उलट, २०१८च्या जिम्नीने आणि रँग्लरनेही लॅडर फ्रेम आणि दोन्ही सलग ॲक्सल कायम ठेवले, २०२२मध्ये उत्पादनात आलेल्या इनिओस ग्रेनेडियरने तेच केले, आणि टोयोटाची लँड क्रूझर ७० मालिका तर १९८४पासून आजतागायत बनते आहे. वर दिलेले तारे पाहता यांतली प्रत्येक गाडी तुमच्या कुटुंबाला चालेलच असे नाही, पण हाताला कळणारी गाडी हवी असेल तर यादी मोठी करा. शिवाय नवे ते नाजूक, हेही खरे नव्हे. जुन्या डिफेंडरची पाण्यातून जाण्याची मर्यादा ५०० मिलिमीटर होती, एअर सस्पेन्शन असलेल्या नवीची ९०० आहे.

प्रश्नकर्त्याचे उत्तर : चिखलवाट

सर्वांचे आभार. गाडी लिफ्टवर चढवून, कोटिंग खरवडून दोन्ही दांडे ठोकून पाहिले. मागची आडवी पट्टी आणि तिच्यालगतचा एक आधार सडला आहे. पाट्यांच्या जोडापाशी मात्र आवाज खणखणीत आहे. म्हणजे गाडी वाचवता येईल. तरीही मुलांच्या बाकांविषयी जे लिहिले गेले त्यावर माझ्याकडे काही उत्तर नाही. मुलांना आता त्या बाकांवर बसवायचे नाही, हे घरी ठरले. एकटा किंवा दोघेच जाणार असू तेव्हा जुनी गाडी वापरता येईल, पण दोन गाड्या सांभाळणे आम्हाला शक्य नाही. त्यामुळे पट्टी बदलून, झालेले काम ग्राहकाला स्पष्ट दाखवून ती विकायची आणि कुटुंबासाठी नवी घ्यायची, असा निर्णय झाला आहे. मात्र ती पूर्वी पाहिलेलीच असेल असे नाही. शोरूमजवळच्या गुळगुळीत रस्त्यावरच्या फेरीत काहीच कळत नाही. चाचणीत नेमके काय पाहावे?

प्रतिसाद : पाना-पक्कड

विक्रेत्याकडे कच्च्या जागेवरची चाचणी मागा. ती देण्यास जो तयार नसेल त्याच्या मोडांच्या जाहिराती ऐकू नका. एखादा उथळ चर तिरका ओलांडा, म्हणजे तिरप्या कोपऱ्यांतली दोन चाके (जसे पुढचे डावे आणि मागचे उजवे) अधांतरी होतील. तिथे गाडी थांबवा आणि मग हलक्या पायाने निघा. यंत्रणा किती वेळ घेते, चाक किती गरगरते आणि गाडी झटका देऊन सुटते की सावकाश, हे तिथे दिसते. त्याच अवस्थेत मागचे दार उघडून आणि लावून पाहा. दार अडकले तर बॉडी पिळते आहे असे समजावे.

मग तीव्र उतारावर लो रेंजमध्ये, पाय ब्रेकवरून काढून उतरा. पहिल्या गिअरचे, लो रेंजचे आणि ॲक्सलचे गुणोत्तर यांचा गुणाकार करा. समजा ते अनुक्रमे ४, २.५ आणि ४ असतील तर उत्तर ४० येते, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे ४० फेरे होतात. आकडा जितका मोठा तितकी गाडी इंजिनाच्या बळावर सावकाश उतरते. ऑटोमॅटिक गाडीला चढताना टॉर्क कन्व्हर्टरची (क्लचच्या जागी असलेल्या, जोर वाढवणाऱ्या तेलाच्या जोडणीची) मदत मिळते, म्हणून कमी आकडा खपून जातो. उतरताना ती मदत मिळत नाही आणि उतार सांभाळणारी यंत्रणा ब्रेकच वापरते. लो रेंजच नसलेली गाडी दगडी चढांसाठी घेऊ नका, मोड कितीही असोत.

शेवटी गाडीखाली वाका. ओढून काढण्यासाठी पुढे-मागे पक्के हुक आहेत की नुसते प्लास्टिकचे झाकण, ते पाहा. एकाच मॉडेलच्या महागड्या प्रकारात मोठ्या रिमवर पातळ टायर देतात आणि दगडात ते आधी फाटतात. त्यामुळे सर्वांत लहान रिमचा प्रकार मागा आणि स्टेपनी पूर्ण आकाराचीच आहे ना, याची खात्री करून घ्या.