वादळी हंगामाआधी घराची बाहेरची बाजू : सुरुवात गॅरेजच्या दारापासून करावी

विषय : नव्या घरमालकांसाठी वादळपूर्व तयारीची यादी

सर्व सभासदांस,
स. न. वि. वि.

गेल्या काही काळात आपल्या मंडळातील अनेक कुटुंबांनी पहिल्यांदाच स्वतःचे घर घेतले आहे आणि वादळी हंगाम आता तोंडावर आला आहे. घराच्या बाहेरच्या बाजूला काय तयारी करावी, याची छोटी यादी कार्यकारिणीने त्यांच्यासाठी केली आहे. तिच्यात सध्या पाच सूचना आहेत : पन्हळी साफ कराव्यात, खिडक्यांच्या काचांवर चिकटपट्टीची फुली मारावी, अंगणातील खुर्च्या, कुंड्या आत घ्याव्यात, घरावर झुकलेल्या फांद्या छाटाव्यात, आणि वादळाच्या वेळी वाऱ्याच्या उलट बाजूची एक खिडकी किंचित उघडी ठेवावी. बांधकामाची माहिती असलेल्या सभासदांनी ही यादी तपासून द्यावी, अशी विनंती आहे.

आपली,
सचिव

---

विषय : उत्तर : नव्या घरमालकांसाठी वादळपूर्व तयारीची यादी

सचिव महोदया,
सप्रेम नमस्कार.

यादी वेळेवर हाती घेतल्याबद्दल कार्यकारिणीचे आभार. इशारा आल्यानंतर ही कामे होत नाहीत, कारण तेव्हा सुतार मिळत नाही आणि प्लायवुडही मिळत नाही. इमारतींच्या सांगाड्यांचे आराखडे करणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

दुसरी आणि पाचवी सूचना कृपया काढून टाकाव्यात. चिकटपट्टीने काच बळकट होत नाही. उडत आलेल्या वस्तूने ती फुटायची तेव्हा फुटतेच, उलट पट्टीला चिकटून राहिलेले मोठे, धारदार तुकडे घरात फेकले जाण्याचा धोका वाढतो. खिडकी उघडी ठेवण्याची सूचना तर त्याहून घातक आहे. वादळात बाहेरच्या हवेचा दाब उतरतो आणि बंद घर आतून फुटते, असा एक जुना समज आहे. पण कोणतेही राहते घर इतके हवाबंद नसते आणि दाबातला तो फरक फटींमधून आपोआप भरून निघतो. घराचे नुकसान होते ते वारा आत शिरल्यामुळे. छतावरून वाहणारा वारा छताला बाहेरून वर ओढत असतोच. त्यात एखाद्या उघड्या किंवा फुटलेल्या जागेतून वारा आत आला की तो त्याच छताला आतून वर ढकलू लागतो आणि दोन्ही जोर एका दिशेने लागतात. शिवाय वारा ऐन वादळात दिशा बदलतो, त्यामुळे आज उलट असलेली बाजू काही तासांनी समोरची झालेली असते.

म्हणून माझ्या मते घराचे बाहेरचे कवच शेवटपर्यंत बंद राहावे, या एका कसोटीवर प्रत्येक सूचना तपासावी. ती लावली की यादीत सर्वांत मोठी उणीव दिसते ती गॅरेजच्या दाराची. घरातले सर्वांत रुंद आणि सर्वांत लवचीक दार तेच असते. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो. ताशी 160 किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे 1200 न्यूटन, म्हणजे साधारण 120 किलो वजनाइतका भरतो. दोन गाड्यांच्या गॅरेजचे दार सुमारे 10 चौरस मीटरचे धरले, तर त्या पातळ पत्र्यावर सव्वा टनाच्या आसपास भार येतो. दार मध्यभागी वाकले की त्याच्या कडेची चाके रुळातून निसटतात आणि अख्खे दार आत येते. 1992 साली अँड्र्यू चक्रीवादळाने दक्षिण फ्लोरिडात केलेल्या नुकसानीची पाहणी झाली, तेव्हा छत जाण्यामागे असे रुंद गॅरेजचे दार आधी निकामी होणे हे एक ठळक कारण आढळले होते.

हे तपासायला अवजार लागत नाही. गॅरेजचे दार बंद करून आत उभे राहावे. दाराच्या आतल्या बाजूला ते किती दाब सोसते हे सांगणारे लेबल आहे का, आडव्या पोलादी पट्ट्या प्रत्येक फळीवर आहेत की फक्त वरच्या फळीवर, आणि रुळांचे ब्रॅकेट भिंतीच्या भक्कम लाकडात वा काँक्रीटमध्ये बोल्टने बसवले आहेत की नुसत्या छोट्या स्क्रूंनी, हे पाहावे. लेबल नसेल तर दार बदलणे उत्तम. ते लगेच जमण्यासारखे नसेल तर त्याच दारासाठी बनवलेले उभे आधार बसवून घ्यावेत. हे काम मात्र जाणकारानेच करावे, कारण दाराच्या स्प्रिंगमध्ये फार मोठा ताण साठलेला असतो.

दुसरी पाहणी माळ्यावर विजेरी घेऊन करावी. वासा जिथे भिंतीवर टेकतो तिथे दोघांना बांधणारी धातूची पट्टी आहे का, ते पाहावे. नुसते तिरके ठोकलेले खिळे असतील, तर छताला वर उचलणारा जोर ते फारसा सोसत नाहीत. त्याच वेळी वाशांच्या कडेने नजर फिरवावी : खिळ्यांची टोके लाकडाच्या बाजूला मोकळी चमकताना दिसली, तर ते खिळे वाशात गेलेलेच नाहीत आणि त्या जागी छताची फळी नावापुरतीच धरलेली आहे.

वळचणीखालच्या जाळीदार पट्ट्याही हाताने दाबून पाहाव्यात. त्या सुटल्या तर वाऱ्याबरोबर आडवा येणारा पाऊस थेट माळ्यात जातो आणि वर छत शाबूत असूनही खालचे भिजलेले सीलिंग कोसळते.

आपला,
मंडळाचा एक सभासद

---

विषय : उत्तर : नव्या घरमालकांसाठी वादळपूर्व तयारीची यादी

सर्वांना नमस्कार.

वरील पत्रासाठी मनापासून आभार. आमच्याकडे खिडक्या झाकणारी वादळी शटर नाहीत आणि यंदा ती बसवणे जमणार नाही. त्याऐवजी खिडक्यांवर प्लायवुड लावायचे तर कसे, हे कृपया सांगावे. झाडांबद्दल मात्र मला बागकामाच्या अनुभवावरून एक सुचवायचे आहे. यादीत नुसते "फांद्या छाटाव्यात" असे लिहिले, तर लोक झाडाचा शेंडाच उडवतात किंवा आतल्या सगळ्या फांद्या काढून टोकाला तेवढा झुपका ठेवतात. शेंडा उडवलेल्या झाडाला फुटणाऱ्या नव्या फांद्यांचा सांधा कच्चा असतो आणि टोकाला झुपका ठेवलेली फांदी वाऱ्यात अधिक हेलकावते. वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि अरुंद बेचक्यातून फुटलेल्या फांद्या काढाव्यात, आणि बुंध्याशी अळंबी दिसली किंवा माती एका बाजूने उचललेली दिसली तर वृक्षतज्ज्ञाला बोलवावे. विजेच्या तारेजवळच्या फांदीला स्वतः हात लावू नये.

आपली,
एक सभासद

---

विषय : उत्तर : नव्या घरमालकांसाठी वादळपूर्व तयारीची यादी

नमस्कार ताई,

झाडांविषयीची आपली सूचना यादीत जशीच्या तशी यावी, असे मला वाटते.

प्लायवुड बाहेरच्या वापराचे, निदान 12 आणि शक्य तर 16 मिलिमीटर जाडीचे घ्यावे. ते खिडकीच्या चौकटीच्या नक्षीदार पट्टीवर ठोकू नये; सर्व बाजूंनी सुमारे 10 सेंटिमीटर जास्त कापून भिंतीच्या सांगाड्यात घट्ट बसवावे. आताच मापे घेऊन तुकडे कापावेत, भोके पाडून ठेवावीत आणि प्रत्येक तुकड्यावर कोणती खिडकी व वरची बाजू कोणती हे लिहावे, नाहीतर इशारा आल्यावर सारखे दिसणारे तुकडे फिरवून पाहण्यात वेळ जातो. बाहेर पडण्याचा एक मार्ग मोकळा ठेवावा आणि वादळ सरताच तक्ते काढावेत. आग लागली तर झाकलेल्या खिडकीतून सुटका होत नाही.

पन्हळींबद्दल एक भर घालतो. 100 चौरस मीटर छतावर 25 मिलिमीटर पाऊस पडला तरी अडीच हजार लिटर पाणी उतरते. पन्हळ साफ असूनही तिचा नळ पायाशीच पाणी सोडत असेल तर उपयोग नाही. ते भिंतीपासून निदान दीड-दोन मीटर लांब, उताराच्या बाजूला सोडावे. बाहेरच्या शेगडीचा गॅस सिलिंडर मात्र इतर सामानाबरोबर घरात वा गॅरेजमध्ये आणू नये. तो बंद करून बाहेरच उभा, घट्ट बांधून ठेवावा.

आपला,
मंडळाचा एक सभासद

---

विषय : उत्तर : नव्या घरमालकांसाठी वादळपूर्व तयारीची यादी

सर्व सभासदांस,
स. न. वि. वि.

चिकटपट्टी आणि उघड्या खिडकीच्या सूचना काढल्या आहेत. गॅरेजचे दार पहिल्या क्रमांकावर घेतले आहे आणि झाडे, प्लायवुड, सिलिंडर यांविषयीची माहिती जोडली आहे. सुधारित यादी सर्वांना पाठवू. आपल्यातील ज्येष्ठ आणि एकट्या राहणाऱ्या सभासदांनी तक्ते उचलण्यासाठी वा पन्हळी साफ करण्यासाठी स्वतः शिडीवर चढू नये. त्यांनी मला वैयक्तिक मेल करावी. मदत करू इच्छिणाऱ्या सभासदांनीही कळवावे, म्हणजे हंगाम सुरू होण्यापूर्वी दोघादोघांच्या जोड्या ठरवून कामे वाटून घेता येतील.

आपली,
सचिव