माथेरानचं घर तिघांच्या नावावर कसं करावं?

दादरहून: घर आमचं, जमीन सरकारी भाडेपट्ट्याची. बाबा गेले, पट्टा अजून त्यांच्याच नावावर. दादा म्हणतो, तुम्ही दोघी बहिणी हक्कसोडपत्र (आपला वाटा सोडल्याचा दस्त) द्या, हवं तेव्हा राहायला या. पण पडवीच्या खांबावर बाबांनी दर मे महिन्यात आमची उंची कोरलीय. जीव तुटतो हो!

उत्तर: ताई, सही करू नका. एकदा नोंदणी झाली की हक्क परत मिळवणं फार कठीण. आधी तिघांची वारस नोंद करा. पट्ट्याची मुदत नि हस्तांतराची अट वाचा.

उत्तर: आम्ही चौघं भावंडं. मे महिना आळीपाळीने, पत्र्यांचा खर्च चौघांत. आणि माथेरान २००३ पासून पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र, मनाला येईल तशा खोल्या वाढवता येत नाहीत.

दादरहून: पट्ट्याचा कागद वाचायला काढलाय. रविवारी दादाकडे जाते.