संशय मनात असताना मतांगीकार म्हणावा का?

प्रश्न

प्रभूमध्ये सलाम. उपासनेत प्रेषितांचा मतांगीकार, म्हणजे ख्रिस्ती विश्वासाची ठरलेली कबुली, म्हणायला मंडळी उभी राहते, तेव्हा गेली दोन वर्षे माझे ओठ ‘देहाचे पुनरुत्थान’ या शब्दांपाशी थांबतात. तेवढ्यापुरती मी पुस्तिकेत पाहत गप्प राहते आणि ‘आमेन’ला पुन्हा सर्वांच्या आवाजात आवाज मिसळते. शेजारच्यांच्या ते लक्षातही येत नाही, पण मला स्वतःलाच ते लबाडीचे वाटते. उपासना सोडण्याचा विचार नाही. गीतांत आणि प्रार्थनेत माझे मन लागते. जे पटत नाही ते म्हणणे अधिक अप्रामाणिक, की गप्प राहून प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर व द्राक्षारस घ्यायला, पुढे जाणे? ‘प्रार्थना करा, सारे ठीक होईल’ हे उत्तर मला आधीच मिळालेले आहे.

उत्तर १

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या २८व्या अध्यायातील १७वे वचन सावकाश वाचावे. डोंगरावर पुनरुत्थित येशूला पाहून अकरा शिष्यांनी नमन केले आणि कित्येकांना संशय वाटला, असे मत्तय एकाच वाक्यात लिहितो. संशयासाठी तेथे जे ग्रीक क्रियापद आहे, ते नव्या करारात याशिवाय एकदाच येते: पाण्यावर चालताना बुडू लागलेल्या पेत्राला येशू विचारतो तेव्हा (मत्तय १४:३१). त्या शब्दाच्या मुळाशी ‘दोन’ आहे; आपला ‘द्विधा’ त्याचा जवळचा नातलग म्हणावा लागेल. डोंगरावर येशूने संशय घेणाऱ्यांना बाजूला काढले नाही. पुढची आज्ञा त्याने अकराही जणांना दिली. आपण प्रवचनांतून संशय घेणाऱ्या थोमा या शिष्याविषयी इतके ऐकतो की हे ‘कित्येक’ विसरूनच जातो.

उत्तर २

वरील उत्तर मला एकांगी वाटते. संशय धरणारा वाऱ्याने लोटलेल्या समुद्राच्या लाटेसारखा आहे, असे याकोबाने आपल्या पत्रात स्पष्ट लिहिले आहे (१:६), आणि प्रभुभोजनापूर्वी प्रत्येकाने आत्मपरीक्षण करावे, असे पौलाने करिंथकरांना बजावले आहे. संशयाला उपासनेत इतके मानाचे स्थान दिले, तर मतांगीकार म्हणण्याला अर्थ काय उरतो? ताईंनी आपल्या पाळकांशी मोकळेपणाने बोलावे.

उत्तर ३

पाळकांशी बोलण्याविषयी दुमत नाही. मात्र याकोब ज्याला दुटप्पी मनाचा म्हणतो, त्याची ओळख चौथ्या अध्यायात पटते: देवाशी आणि जगाशी एकाच वेळी मैत्री ठेवू पाहणारा. करिंथ येथील तक्रारही संशयाची नव्हती. काही जण भरपेट खात होते, काही उपाशी राहत होते आणि गरिबांचा अपमान होत होता. खरोखर संशयात असलेल्यांवर दया करा, असे यहूदाचे पत्र सांगते.

आता मूळ प्रश्नाकडे. सन ३२५ मध्ये निकाया येथील परिषदेने जो मतांगीकार संमत केला, त्याचा पहिला शब्द ‘आम्ही विश्वास ठेवतो’ असा अनेकवचनी आहे. प्रेषितांचा मतांगीकार ‘मी’ म्हणतो, कारण त्याचे नाते बाप्तिस्म्याच्या वेळी प्रत्येकाने स्वतः द्यायच्या उत्तराशी आहे. म्हणून ती ओळ तुम्हाला अडते, यात नवल नाही. माझ्या मते त्या ओळीला गप्प राहणे ही लबाडी नव्हे. तेवढ्यापुरती ती ओळ मंडळी तुमच्या वतीने म्हणते. मन लागेपर्यंत बाहेर थांबावे, असा नियम स्तोत्रकर्त्यांनीही पाळलेला नाही. १३व्या स्तोत्राच्या पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर?’ हा प्रश्न चार वेळा येतो, तरी शेवटी ते गाण्याकडे वळते. ८८वे स्तोत्र तेवढेही वळत नाही, अंधारातच संपते. तरीही उपासनेच्या पुस्तकातून ते कोणी काढून टाकले नाही.

प्रश्नकर्तीचे प्रत्युत्तर

सर्वांचे आभार. उत्तर २ मधील बंधूंचा आक्षेप मला बोचला, आणि तो बोचावा असाच आहे. पाळकांची वेळ मागितली आहे. काल मार्कच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातील, आपल्या पीडित मुलाला येशूकडे आणणाऱ्या बापाचे वाक्य पुन्हा वाचले: ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका.’ येत्या रविवारी त्या ओळीला थांबले, तर पुस्तिकेत न पाहता मनात तेवढेच म्हणेन.