'बरीड अलाइव्ह'ला मराठीत एकच नाम आहे का?

शाईवाली
एका लेखाचा अनुवाद करतेय. कथा, नाटकं, ऑपेरा, गाणी यांत जिवंतपणी गाडली जाणारी माणसं पुन्हा पुन्हा का येतात, असा विषय. मूळ लेखात 'बरीड अलाइव्ह' जवळपास प्रत्येक परिच्छेदात आहे. 'जिवंत गाडणे' घेऊन निम्मा लेख सुखात पार पडला आणि 'आयदा'पाशी अडले. व्हेर्दीच्या या ऑपेरात (१८७१) शेवटी राडामेस या सेनापतीला तळघरात ठेवून वरून दगड बसवतात. माती कुठेच नाही. 'गाडला' म्हटलं की मला फावडंच दिसतं. 'पुरला'चंही तेच.

कच्चा मसुदा पाठवला, तर संपादकांनी सगळीकडे 'जिवंत समाधी' करून परत धाडला. समाधी माणूस घेतो, त्याला कोणी देत नाही, असं मी म्हणून पाहिलं. त्यावर उत्तर आलं, 'ढिगाऱ्याखाली जिवंत समाधी' हे पेपरात नेहमी असतं, वाचकांना कळतं.

शीर्षकात बसेल असं एक नाम हवंय. माती, भिंत, पेटी, तळघर सगळ्यांना चाललं पाहिजे. सुचवा.

तिरकस
'जिवंत समाधी' अजिबात नको. सम् + आ + धा, चित्त एका जागी ठेवणं. ढिगाऱ्याखाली सापडलेल्या माणसाचं चित्त कुठे असतं हे त्या बातमीदाराला विचारा. ज्ञानेश्वरांच्या समाधीवरचे नामदेवांचे अभंग वाचा. तिथे आत जाणारा शांत आहे आणि आकांत बाहेरच्यांचा आहे. तुमच्या लेखातल्या कथांत बरोबर उलटं असणार. बाहेर शांतता, आत आकांत. दोन्हींना एक शब्द लावणं म्हणजे अडाणीपणा.

कोशकीटक
तिरकसराव, चित्ताच्या अवस्थेचा दगडी चौथरा झाला तेव्हा कोणी भांडलं होतं का? 'अमक्याची समाधी नदीकाठी आहे' हे वाक्य तुम्हीही बेलाशक बोलता. तिथे सम् + आ + धा कुठे आहे? शब्द एकदा घसरला तो चालतो आणि दुसऱ्यांदा घसरला की अडाणीपणा, हे काही पटत नाही.

तिरकस
पहिल्या घसरणीत आदर शिल्लक होता. दुसरीत फक्त मथळ्यातली जागा वाचते.

गीर्वाण
संस्कृतात याची सोय आहेच. अथर्ववेदाच्या अठराव्या कांडात पितरांना बोलावताना त्यांचे प्रकार सांगितलेत: निखात, परोप्त, दग्ध, उद्धित. पुरलेले, टाकून दिलेले, जाळलेले, उंचावर ठेवलेले. पैकी नि + खन् घ्या, 'जीवन्निखनन' तयार. नेमका आणि निःसंदिग्ध शब्द.

तिरकस
शुद्धतेच्या बाजूने मी आहे, पण इतकाही नाही. 'जीवन्निखनन' वाचून वाचक लेखातून जिवंत पळून जाईल.

कोशकीटक
शिवाय खन् म्हणजे खणणे. शाईवालीताईंची अडचण माती नसण्याची आहे. तुम्ही फावडं संस्कृतात नेलंत, एवढंच.

स्वरवेल्हाळ
आयदाचा विषय निघालाय म्हणून लिहिते. संपादक अर्धे बरोबर आहेत, आणि तो अर्धा भाग त्यांनाही माहीत नसावा.

त्या शेवटच्या प्रवेशात रंगमंचाचे दोन मजले असतात. वर उजेडात देऊळ, खाली अंधारं तळघर. राडामेसला शिक्षा म्हणून आत बंद केलंय. त्याला वाटतं आपण एकटे आहोत, तेवढ्यात अंधारात कोणीतरी हलतं. त्याची प्रेयसी आयदा आधीच आत येऊन लपलेली असते. म्हणजे एकाच दगडाखाली दोघं आहेत, त्यातला एक कोंडला गेलाय आणि दुसरीने कोंडून घेतलंय. राडामेसला 'समाधी' म्हणणं चूक, पण आयदाला का नको? ती स्वतःहून, शांतपणे, सगळं ठरवून आत गेली आहे. तिरकसरावांच्या कसोटीला ती पुरेपूर उतरते.

आणि अनुवादाची खरी मारामारी पुढे आहे. दोघं मिळून गातात ते 'ओ तेर्रा, अद्दिओ'. तेर्रा म्हणजे पृथ्वी, जमीन, मातीसुद्धा. 'हे माती, निरोप घेतो' केलं तर विनोद होतो, जमिनीखाली तर ते निघालेत. 'पृथ्वी' केलं तर अंतराळवीर वाटतात. शाईवालीताई, तुम्ही काय केलंय?

शाईवाली
'हे धरणी' केलंय. आवडलेलं नाही. पण दोघांसाठी दोन शब्द लागतात हे लक्षात आलं नव्हतं. अडचण वाढली की कमी झाली कळेना.

थापी
माती नाही, भिंत आहे, मग 'चिणणे' कोणालाच कसं आठवलं नाही? आमचे आजोबा गवंडी होते. ते दारखिडकी बंद करायची असली की 'चिणून टाक' म्हणायचे, 'बांधून टाक' नाही. बांधायची ती नवी भिंत, चिणायचं ते मोकळं भोक. माझ्या मते शब्द 'चुन्या'वरून आलाय. चुना भरून बंद करायचं ते चिणणं.

एडगर ॲलन पोची १८४६ सालची 'द कास्क ऑफ अमॉन्टिलाडो' ही अख्खी कथा म्हणजे चिणकाम आहे. दारूचं आमिष दाखवून एक जण दुसऱ्याला तळघराच्या टोकाला नेतो, साखळीने कोनाड्यात जखडतो आणि थापी घेऊन कामाला लागतो. एकेक थर चढतो. मध्येच आतून साखळ्यांचा आवाज येतो, तर हा काम थांबवून नीट ऐकता यावं म्हणून खाली बसतो! आवाज थांबला की पुन्हा थापी. अकराव्या थरात एकच दगड उरलेला असतो, तेव्हा आतून हसू ऐकू येतं: छान मस्करी केलीस. मग टोपीच्या घुंगरांची किणकिण, आणि शेवटचा दगड. गवंड्याच्या नातवाला ही गोष्ट झोप येऊ देत नाही, कारण काम फार व्यवस्थित केलंय.

कोशकीटक
वर्णन झकास. व्युत्पत्ती मात्र नाही. चिणणे हे 'चि' धातूवरून, चिनोति, म्हणजे रचणे. चुन्याचा संबंध नाही. त्याच 'चि'वरून 'चिता' आली, कारण तीही रचायचीच असते.

थापी
आजोबा चुना वापरायचे, धातू नाही.

नीलमोहर
मस्करीवरून आठवलं. रुमानियात मानोले नावाच्या गवंड्याचं लोकगीत आहे. मठ बांधताहेत, दिवसा चढलेली भिंत रात्री पडते. स्वप्नात मानोलेला कळतं की उद्या सकाळी जेवण घेऊन जी बाई पहिली येईल तिला भिंतीत घातलं तरच बांधकाम टिकेल. येते ती त्याचीच बायको. तो तिला सांगतो, गंमत करतोय. तीही हसते. भिंत घोट्यांपर्यंत येते, पोटऱ्यांपर्यंत, बरगड्यांपर्यंत, आणि मग ती म्हणू लागते, पुरे झाली गंमत. श्कोदरच्या (आज अल्बानियात) किल्ल्यावरच्या सर्बियन गीतात तर ती बाई भिंतीला भोकं ठेवायला सांगते, तान्ह्याला पाजता यावं म्हणून.

'चिणणे' आणि 'गाडणे' यांत फरक आहे तो हाच. गाडणं चटकन होतं, चिणायला वेळ लागतो. आत असलेल्या माणसाला आधी गंमत वाटायला आणि मग कळायला तेवढा वेळ मिळतो. गीताला कडवी लागतात, भिंतीला थर. म्हणून हे गाण्यात इतकं बसतं.

स्वरवेल्हाळ
+१. शेवटची ओळ चोरणार आहे.

अर्धविराम
'शवपेटी'वर कोणीच आक्षेप घेत नाहीये? आत शव नसेल तर ती शवपेटी कशी? पेटीत जागं होणाऱ्या माणसाच्या गोष्टीत हा शब्द आला की पहिल्याच ओळीत लेखकाने त्याला मारून टाकलेला असतो.

तिरकस
पाणपेटीत पाणी संपलं तरी ती पाणपेटीच राहते. पुढे चला.

अर्धविराम
नाही चालत. पोच्याच 'द प्रिमॅच्युअर बरिअल'मध्ये (१८४४) सगळा खेळ यावरच आहे. नायकाला अधूनमधून मेल्यासारखं निपचित पडण्याचा आजार. आपल्याला जिवंतपणी पुरतील या धास्तीने तो घराण्याचं थडगं आतून उघडेल असं करून घेतो, पेटीत मऊ अस्तर, घंटेची दोरी, सगळी तयारी. मग एकदा जाग येते तर अंधार, तोंडाजवळ लाकूड, ओल्या मातीचा वास. किंचाळतो. आणि कळतं की आपण एका लहान गलबतावर अरुंद फळीवर झोपलोय आणि गलबतात बागेची माती भरली आहे! या विषयावरच्या सगळ्यात गाजलेल्या कथेत नायक गाडलाच जात नाही. इथे 'शवपेटी' लिहिलं तर थेट खोटं ठरेल.

कोशकीटक
मग शीर्षकातला 'प्रिमॅच्युअर' बघा. 'जिवंत' हा शब्द त्यात नाहीच. 'अकाली दफन'. दफन वेळेआधी झालं, इतकंच. 'अकाली' आपल्याकडे मृत्यूला लागतं, ते दफनाला लावलं की अंगावर काटा येतो. शाईवालीताई, 'अकाली दफन' विचारात घ्या.

तिरकस
दफन अरबी.

कोशकीटक
आणि वर चालवून घेतलेला 'पेपर' कुठला? तुमच्या आजीने सांगितलेला?

निवांत
अवांतर: ही भीती फक्त कथेतली नव्हती. संगीतकार शोपाँने मरताना आपलं शरीर उघडायला सांगितलं होतं, जिवंत पुरला जाऊ नये म्हणून. शरीर पॅरिसला आहे, हृदय वॉर्सात. जॉर्ज वॉशिंग्टनने १७९९ साली मृत्यूनंतर तीन दिवस तरी आपल्याला तळघरात ठेवू नका असं बजावलं होतं. खोटं मरण ओळखायची भरवशाची पद्धत तेव्हा नव्हती, त्यामुळे लेखकाला नुसती पेटी दाखवली तरी पुरायचं.

अर्धविराम
'पुरायचं' छान वापरलंत, मुद्दाम?

निवांत
नाही हो, सहज आलं.

नीलमोहर
अँटिगनी राहिली. सोफोक्लीसच्या ग्रीक नाटकात राजा क्रेऑन तिला खडकातल्या गुहेत बंद करतो, सोबत थोडं अन्न ठेवतो, म्हणजे हत्येचा दोष नगराला लागायला नको. तिचा गुन्हा काय, तर भावाला मूठमाती दिली. मेलेला उघड्यावर आणि जिवंत मुलगी जमिनीखाली, हे आंधळा भविष्यवेत्ता टायरेसियस क्रेऑनला तोंडावर सुनावतो. मराठीत तिच्यासाठी 'गाडणे' नको, 'कोंडणे' हवं. त्याच 'कोंडी'त सगळंच नाटक आहे.

शाईवाली
'कोंडणे' चांगलं आहे. पण 'जिवंत कोंडणे' म्हटलं की माणूस सुटेल असं वाटतं.

मोडीलिप्या
सगळा धागा वाचला. अस्सल मराठी वाक्प्रचार समोर असताना लोक इटली-रुमानिया फिरून आले. 'पुरून उरणे'! पुरला, तरी उरला. जिवंत गाडल्या गेलेल्या माणसाच्या गोष्टीला याहून चांगलं शीर्षक दाखवा.

कोशकीटक
शीर्षक म्हणून कोटी ठीक. अर्थ तो नाही. तिथलं पुरणे म्हणजे पुरेसं होणे. 'एवढं पाणी सगळ्यांना पुरून उरलं.' सगळ्यांना पुरेल इतका आणि वर शिल्लक, म्हणून भारी पडणारा.

मोडीलिप्या
आणि मातीत पुरणे कुठून आलं? खड्डा भरण्यातून. दोन्हींचं मूळ 'पूर्', भरणे. घरात 'पैसे पुरले' असं बोलणं चाललेलं ऐकून माझा धाकटा भाऊ खुरपं घेऊन मागच्या दारी गेला होता. भाषा त्याच्या बाजूने होती.

तिरकस
मूळ एक असलं तरी विभक्ती बघा. 'सगळ्यांना पुरून उरला' म्हणतो आपण, 'सगळ्यांनी पुरूनही उरला' नाही. म्हणजे मातीचा अर्थ घेतलाच तर तो पुरला गेलेला नसून पुरणारा आहे. तुमचं शीर्षक खुनी माणसाला लागेल, बिचाऱ्याला नाही.

मोडीलिप्या
चालेल, तेही चालेल. 'तुम्हां सगळ्यांना पुरून उरेन' असं एखादी म्हातारी दात-ओठ खाऊन म्हणते तेव्हा ती पुरेशी पडण्याबद्दल बोलत नसते.

शाईवाली
लेख उद्या द्यायचाय. 'अकाली दफन' की 'जिवंत गाडलेले'? संपादक 'समाधी' सोडायला तयार नाहीत.

कोशकीटक
म्हातारीचं बोलणं पुरावा होत नाही. भूतकाळ घ्या. पुरेसं होण्याच्या अर्थी 'तो सगळ्यांना पुरला', मातीच्या अर्थी 'त्याने सगळ्यांना पुरलं'. वाक्प्रचारात 'तो' आहे, 'त्याने' नाही. विषय संपला.

गीर्वाण
संपला नाही. 'त्याने पत्र लिहिलं', पण 'तो पत्र लिहून गेला'. मुख्य क्रियापद अकर्मक असलं की 'ऊन'वालं रूप सकर्मक असूनही कर्ता 'तो'च राहतो. 'उरला' अकर्मक आहे, म्हणून 'तो' दोन्ही अर्थी येणारच. तुमची कसोटी इथे लागूच होत नाही.

कोशकीटक
बरं, मग 'पुरून'नंतर 'वर' घालून पाहा. 'सगळ्यांना पुरून वर उरला.' आता कुठली माती?

मोडीलिप्या
मातीच्या वर! नवा धागा काढा, तिथे येतो.