श्लाख्ता, माग्नात आणि आपला 'सरदार'
(एका चर्चेतले संदेश; प्रत्येक संदेशाच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

तळटीप
एका त्रैमासिकासाठी पोलंडमधल्या झामोय्स्की घराण्यावरच्या लेखाचा अनुवाद करते आहे. पहिल्याच पानावर वाक्य असे : हे घराणे मध्यम 'श्लाख्ते'तून वर आले आणि यान झामोय्स्कीच्या (१५४२–१६०५) हयातीत 'माग्नात' झाले. मी 'लहान सरदार घराण्यातून मातब्बर सरदार घराणे झाले' असे केले. संपादकांनी ते खोडून दोन्ही ठिकाणी 'उमराव' घातले. 'उमराव उमराव झाला' याला काय अर्थ?

माझी खरी अडचण 'श्लाख्ता' या शब्दाची आहे. आपल्याकडे सरदारकी कोणीतरी देतो. छत्रपती देतात, पेशवे देतात, आणि काढूनही घेतात. श्लाख्ता जन्माने मिळते. लोकसंख्येत दर शंभरात आठ-दहा माणसे श्लाख्तेतली, आणि कायद्याने सगळी एकमेकांच्या बरोबरीची. त्यांची म्हणच आहे की आपल्या परसातला श्लाख्तिक, म्हणजे श्लाख्तेतला माणूस, वोयेवोदाच्या तोडीचा. वोयेवोदा म्हणजे साधारण आपला सुभेदार. यासाठी मराठीत एक शब्द हवा आहे.

बोरूवाला
संपादकांचा 'उमराव' तर मुळातच अनेकवचन आहे. अरबीत 'अमीर'चे अनेकवचन 'उमरा'. आपण ते एकवचनी केले आणि आता 'उमरावांनी' म्हणतो. बखरींत 'सरदार उमराव' जोडीने येते, तिथे तो दरबारी लोकांचा समुदाय असतो. गावात राहून शेत पाहणाऱ्या माणसाला कोणी उमराव म्हटलेले मी वाचलेले नाही.

'कुलीन' घ्या. 'श्लाख्ता' हा शब्द जुन्या जर्मनमधल्या 'स्लाहता'वरून आला, अर्थ कूळ, वंश. पोलिशमध्ये तो चेकमार्गे पोचला. आजच्या जर्मनमधला 'गेश्लेख्ट' त्याच मुळाचा. म्हणजे कुलीन हे जवळजवळ मुळाबरहुकूम भाषांतर झाले.

राजापूरकर
मी ऐकले होते की 'श्लाख्ता' जर्मन 'श्लाख्टेन'वरून आला, म्हणजे कापणे, कत्तल करणे. तलवारबाजांचा वर्ग म्हणून.

बोरूवाला
ती लोकव्युत्पत्ती. ध्वनी जुळतो म्हणून पसरली. कुळाचा अर्थ भाषाशास्त्राला धरून आहे.

पंचगंगा
'कुलीन' मला पटत नाही. मराठीत कुलीन हे वागणुकीचे विशेषण झाले आहे. 'कुलीन स्त्री' म्हटले की डोळ्यांपुढे पदर येतो, तलवार येत नाही. शिवाय श्लाख्तेतली कितीतरी घरे स्वतः नांगर धरणारी होती. एकेका गावात सगळेच श्लाख्तिक, कुळे एकाकडेही नाहीत, तरी राजाच्या निवडणुकीत मत देण्याचा हक्क शाबूत. आमच्या कोल्हापूर भागात याला सरळ शब्द आहे : शहाण्णव कुळी.

चांदणवेल
पंचगंगादादा, तो शब्द इथे आणू नका. त्याला आपल्याकडे जातीचा आणि सोयरिकीचा जो अर्थ चिकटला आहे, तो सगळा वाचक पोलंडवर लादेल. तिथे प्रश्न हक्कांचा होता : मत, करमाफी, खटल्याशिवाय अटक न होणे. शहाण्णव कुळी असल्याने पेशवाईत कोणाला मत मिळाले?

पंचगंगा
ताई, मत मिळाले नाही हे खरे. पण 'मी गरीब असेन, तुझ्यापेक्षा कमी नाही' ही भावना नेमकी तीच आहे. अनुवादात भावना यायला नको का?

तळटीप
दोघांचेही पटते आणि म्हणूनच अडले आहे. एक गोष्ट सांगते, तिने कदाचित दिशा मिळेल. पोलंडमध्ये कुळांना 'हेर्ब' असतो, म्हणजे ढालीवरचे चिन्ह. पण एकच हेर्ब रक्ताचे नाते नसलेली कितीतरी घराणी वापरतात. झामोय्स्कींचा हेर्ब 'येलिता'. एकमेकांना छेदणारे तीन भाले. आणि येलिता या शब्दाचा अर्थ आतडी!

त्यामागे आख्यायिका आहे. १३३१ साली प्वोफ्त्सेच्या लढाईत ट्यूटॉनिक संघाच्या जर्मन धर्मयोद्ध्यांशी झुंजताना फ्लोरियान शारी नावाचा योद्धा तीन भाले लागून पडला. राजा व्वादिस्वाव वोकिएतेक रणांगणातून फिरत आला, तर हा बाहेर आलेली आतडी हाताने आत सारतो आहे. राजा म्हणाला, केवढ्या यातना सोसतो आहेस. तो म्हणाला, गावातला वाईट शेजारी याहून जास्त दुखतो, त्यापुढे हे काहीच नाही. राजाने शेजाऱ्याचा बंदोबस्त करण्याचे वचन दिले आणि नवा हेर्ब दिला. 'हे कमी दुखते' हे घराण्याचे ब्रीद झाले.

राजापूरकर
शेजारी कसला, भाऊबंद असणार! बांधाला बांध लागलेला. आमच्या आजोबांची सात गुंठ्यांची केस त्यांच्या मुलांनी चालवली. तीन भाले परवडले असते असे तेही म्हणायचे.

हेर्ब म्हणजे देवक. एका देवकाची अनेक आडनावे, अगदी तेच.

बोरूवाला
देवक नव्हे. देवकावरून लग्न ठरते किंवा मोडते. एकाच हेर्बात लग्ने होत, त्याला आडकाठी नव्हती. आणि शब्दाच्या मुळाशी गेलात तर गंमत आहे : 'हेर्ब' चेक 'एर्ब'वरून आणि तो जर्मन 'एर्बं'वरून, अर्थ वारसा. वारशाने मिळालेली निशाणी. 'निशाण' हा मराठीतला रूढ शब्द असताना देवक कशाला?

गोदातीर
मी मूळ प्रश्नाकडे येते. घराणे वर कसे आले ते नीट पाहिले की शब्द आपोआप सापडेल.

पंधराव्या शतकाच्या मध्याला या कुळातल्या तोमाश नावाच्या पुरुषाने पूर्वेकडे झामोश्च नावाचे गाव विकत घेतले. त्यावरून आडनाव झामोय्स्की. पोलिशमधला 'स्की' म्हणजे आपला 'कर'. झामोश्चचा अर्थ लावतात तो 'पुलापलीकडचे'. म्हणजे हे घराणे मराठीत शुद्ध 'पुलापलीकडकर'.

पुढे यानचे वडील स्तानिस्वाव दरबारात हेटमन, म्हणजे सेनानी, झाले, तरी घर मध्यमच. मुलगा यान पॅरिस आणि इटलीतल्या पादुआला शिकला. पादुआत विद्यार्थ्यांनी त्याला रेक्टर निवडले आणि १५६३ मध्ये, एकविसाव्या वर्षी, त्याने रोमन सिनेटवर ग्रंथ छापला. कॅल्विनपंथी, म्हणजे प्रोटेस्टंट, घरातला मुलगा तिथेच कॅथलिक झाला. परत येऊन राजाचा चिटणीस झाला आणि त्याच्याकडे राज्याच्या दप्तराची मांडणी आली. मला हे फार महत्त्वाचे वाटते. कोणाला कोणता हक्क कधी मिळाला हे ज्याला कागदासकट ठाऊक, त्याच्याशी सभेत वाद कोण घालणार?

१५७२ मध्ये राजा झिग्मुंत आउगुस्त निपुत्रिक वारला. पुढचा राजा निवडायचा तर मत कोणी द्यायचे? यानने लावून धरले की जो श्लाख्तिक निवडणुकीच्या मैदानावर येईल त्या प्रत्येकाने. ते मान्य झाले आणि तो लहान श्लाख्तेचा पुढारी ठरला. पहिला निवडलेला फ्रेंच राजा काही महिन्यांत पळून गेला. मग यानच्या गटाने स्तेफान बातोरीला गादीवर आणले. त्यानंतरचा चढ पाहा : १५७६ उपचान्सेलर, १५७८ चान्सेलर, १५८१ सर्वोच्च हेटमन, तेही तहहयात. राज्याची मुद्रा आणि फौज एकाच्या हाती. १५८३ मध्ये राजाची पुतणी ग्रिसेल्डा हिच्याशी लग्न.

म्हणून माझे म्हणणे असे की श्लाख्ता हा हक्क आहे आणि माग्नात ही हैसियत आहे. पहिल्यासाठी 'मानकरी' आणि दुसऱ्यासाठी 'मातब्बर'.

पंचगंगा
गोदातीरताई, वर्णन उत्तम. पण 'मानकरी' म्हणजे आमच्याकडे जत्रेत पहिला नारळ फोडणारा. मान गावापुरता असतो.

गोदातीर
गावापुरता असला तरी जन्माने असतो, राजा काढून घेऊ शकत नाही आणि गरिबी आली म्हणून जात नाही. तळटीपताईंनी मागितलेले तिन्ही गुण त्यात आहेत. पालखीला खांदा देण्याचा मान असलेले घर भाड्याच्या खोलीत राहत असेल, तरी पालखी त्यांच्यासाठी थांबते.

चांदणवेल
मला 'श्लाख्ता' तसाच ठेवावा असे वाटते. आपण 'सामुराई' तसाच ठेवला, 'झार' तसाच ठेवला. वाचक शिकतो. प्रत्येक परक्या गोष्टीला घरचा सदरा घालायचा अट्टहास का?

बोरूवाला
कारण मग अनुवादात श्लाख्ता, माग्नात, हेर्ब, हेटमन, वोयेवोदा, ऑर्दिनात्सिया अशी रांग लागते आणि मराठी फक्त विभक्तिप्रत्यय लावायला उरते. दोन शब्द ठेवा, बाकीचे मराठीत आणा. 'हेटमन' तर स्वतःच जर्मन 'हाउप्टमान'चा, म्हणजे मुख्य माणसाचा, चेकमार्गे झालेला अपभ्रंश. पोलिश लोकांनी बिनदिक्कत वाकवला, मग आपण 'सेनापती' म्हणायला का कचरतो?

राजापूरकर
हेटमनला तुर्की 'अतामान'वरूनही काढतात. कोसॅकांचा अतामान, म्हणजे म्होरक्या.

बोरूवाला
काढतात, पण कागदात चेक रूप आधी दिसते. मी हाउप्टमानच्या बाजूचा.

पंचगंगा
जरा वेगळे सांगतो, पण विषयातलेच आहे. आमचे आजोळ वळिवड्याजवळ. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ ते १९४८, तिथल्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुले. आजी सांगायची, त्या बायका एकमेकींना 'पानी, पानी' म्हणून हाक मारायच्या. आजीला आधी वाटले तहान लागली. मग कळले, पानी म्हणजे बाईसाहेब. हा 'पान' आणि 'पानी' मुळात श्लाख्तेतल्या धन्याला आणि धनिणीला लावायचा मान. आता बसच्या ड्रायव्हरलाही 'पान' म्हणतात. आपल्या 'राव'चे तेच झाले. म्हणजे श्लाख्ता कायद्याने गेली, पण तिचे संबोधन सगळ्या समाजाला मिळाले. याहून मोठा वारसा कोणता?

तळटीप
पंचगंगादादा, आजीची ही आठवण लिहून ठेवा, खरेच. आणि 'पान'वरून आठवले : यानच्या नातवाला, तोही यान, लोक 'सोब्येपान' म्हणत. स्वतःचा स्वतः धनी. याला काय म्हणू?

राजापूरकर
स्वयंभू.

चांदणवेल
स्वयंभू देव असतो. 'आपमुखत्यार' म्हणा, कागदपत्रांतला शब्द आहे.

तळटीप
आपमुखत्यार घेतला! आता सगळ्यात अवघड : 'ऑर्दिनात्सिया'. यानने १५८० मध्ये पादुआच्या बेर्नार्दो मोरांदोकडून नवे झामोश्च शहर आखून घेतले. १५८९ मध्ये सेयमकडून, म्हणजे त्यांच्या संसदेकडून, अशी मंजुरी मिळवली की त्याची दौलत कधीही वाटली जाणार नाही. विकायची नाही, गहाण टाकायची नाही, पूर्ण थोरल्या मुलाकडे जायची. मुलींना त्यात हक्क नाही. मरताना त्याच्याकडे ११ शहरे आणि दोनशेहून जास्त गावे होती. ही व्यवस्था दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरपर्यंत टिकली. मी 'वतन' लिहिले आहे.

गोदातीर
वतन नको. वतनाच्या वाटण्या होतात, थोरली पाती आणि धाकटी पाती पडते. पाटीलकीचे निवाडे वाचा, निम्मे भांडण तक्षिमांचे, म्हणजे वाट्यांचे, असते. आणि 'सरंजाम'ही नको, तो नोकरीपोटी असतो. ऑर्दिनात्सियात नोकरी नाही, वाटणी नाही. 'अविभाज्य दौलत' म्हणा.

बोरूवाला
'वडीलपण' हा शब्द आहे की जुन्या महजरांत, म्हणजे निवाडापत्रांत. थोरलेपणाचा हक्क. 'वडीलपणाची दौलत' म्हटले तर मराठी कानाला पटेल.

गोदातीर
वडीलपणात थोरल्याला मान आणि शिक्का आधी मिळतो, पण धाकट्यांचे उत्पन्न बुडत नाही. इथे धाकट्यांना त्या दौलतीतले काहीच नाही. दोन्ही शब्द एक मानले तर कायदाच चुकीचा कळेल.

चांदणवेल
आणि तो कायदाही कितपत पाळला गेला? सोब्येपान १६६५ मध्ये निपुत्रिक वारला. त्याची फ्रेंच विधवा मारिशेंका हिने त्याच वर्षी यान सोब्येस्कीशी लग्न केले. हाच तो पुढे १६८३ मध्ये व्हिएन्नाला तुर्कांशी लढलेला राजा. इकडे ऑर्दिनात्सियावर ताबा घेतला सोब्येपानच्या बहिणीने, ग्रिझेल्डा व्हिश्नियोव्हिएत्स्काने. मुलींना हक्क नाही असे लिहिलेल्या दौलतीवर! १६६९ मध्ये तिचाच मुलगा मिखाऊ राजा निवडला गेला, मग तिला हलवणार कोण? ती वारल्यावर, १६७४ मध्ये, दौलत दुसऱ्या शाखेच्या मार्चिन झामोय्स्कीकडे गेली.

तळटीपताई, तुमच्या लेखात तिच्यासाठी काय शब्द आहे?

तळटीप
'बळकावणारी'. मूळ लेखकानेच तसे लिहिले आहे.

गोदातीर
'वहिवाटदार' लिहा. हक्काचा कागद नाही, पण जमीन प्रत्यक्ष कसते, उत्पन्न घेते. निवाड्यातला तटस्थ शब्द आहे.

चांदणवेल
वहिवाटदार म्हणजे हक्क नाही हे आधीच मान्य केल्यासारखे. ती भावाची सख्खी बहीण होती आणि स्वतःला वारस समजत होती. 'वारस' का नको?

राजापूरकर
तिचे आडनाव मराठीत व्हिश्नियोव्हिएत्स्की लिहायचे की व्हिश्नियोव्हिएत्स्का? आपण 'श्रीमती राजापूरकरीण' लिहीत नाही.

पंचगंगा
लिहीत नसलो तरी म्हणतो की. पाटलीण, देशमुखीण, इनामदारीण. 'का' ठेवा, मराठीला तो परका नाही.

बोरूवाला
पाटलीण म्हणजे पाटलाची बायको. ही नवऱ्याकडून व्हिश्नियोव्हिएत्स्का आणि जन्माने झामोय्स्का. भावाच्या दौलतीवर बसली ती जन्माच्या नावाने. तिथे 'झामोय्स्का' लिहायला हवे.